लहानूबाबाचा द्रोण

आमच्या रिसॉर्टवर छर्‍याची बंदूक हातात घ्यायची असेल तर आधी पाणी घेऊन चालावं लागे. नाव-गाव नंतर, ओळखपाळख तर त्याच्याही नंतर. पळसाच्या पानाचा द्रोण काठोकाठ भरून तळव्यावर ठेवायचा, हात समोर लांब करायचा आणि मोहाच्या झाडापासून नेमाच्या रेषेपर्यंत बांधावरून वीस पावलं जायचं. पाणी सांडलं नाही तर बंदूक मिळे. सांडलं तर मोहाखालच्या बाकावर बसून भाजलेल्या शेंगा खायच्या. शेंगा हव्या तेवढ्या मिळत.

हा नियम लहानूबाबांचा. आमच्या शेठचा नव्हे, माझा तर मुळीच नव्हे. मी तिथं साडेतीन वर्षं मॅनेजर होते आणि पहिल्या महिन्यातच मी हा नियम बंद करायला निघाले होते. पाहुण्यांना असं कसरत करायला लावणं मला बरं दिसेना. तेवढ्यात ठाण्याहून एक साहेब आले. कुठल्या खात्याचे ते मला अजून ठाऊक नाही, पण त्यांची बॅग धरायला एक माणूस होता आणि मोबाईल धरायला दुसरा, तेव्हा खातं मोठंच असणार. लहानूबाबांनी त्यांच्या हातात द्रोण दिला. साहेबांनी सवयीनं तो बॅगवाल्याकडे दिला. बॅगवाला बिचारा बगलेत बॅग आणि हातावर द्रोण घेऊन बांधावरून सरळ चालत गेला. थेंब सांडला नाही. लहानूबाबांनी बंदूक बॅगवाल्याच्या हातात ठेवली.

"अहो, बंदूक मला द्या," साहेब म्हणाले.

"पाणी त्यानं नेलं."

"मी कोण आहे ठाऊक आहे का तुम्हाला?"

"नाय बा. पाण्यालाबी ठाव नाय," लहानूबाबा म्हणाले, आणि बॅगवाल्याचा खांदा नीट करायला लागले.

बॅगवाल्यानं दहातले नऊ फुगे फोडले. माणूस आनंदानं असा काही उड्या मारायला लागला की बॅग कुठं पडली त्याचंही त्याला भान राहिलं नाही. मग साहेबांना चेव आला. त्यांनी स्वतः द्रोण घेतला आणि चौथ्या पावलाला बाही भिजवली. एवढा मोठा माणूस बाकावर बसून मुकाट शेंगा सोलत होता, आणि जाताना मला म्हणाला, "मॅडम, फार दिवसांनी कुणी मला नाही म्हटलं." त्यानंतर मी नियमाला हात लावला नाही.

जव्हारहून दाभोशाच्या धबधब्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं रिसॉर्ट. रिसॉर्ट म्हणजे सात तंबू, एक स्वयंपाकघर, एक ऑफिसची खोली आणि भाताचं एक पडीक खाचर. मालक नाशिकचे दिलीपशेठ, द्राक्षाचे व्यापारी. मीही नाशिकचीच. माझा स्वभाव असा की बाराला जेवण म्हटलं आणि बारा वाजून एक मिनिट झालं तरी माझा पारा चढे. धबधबा बघून झाल्यावर पाहुण्यांनी करायचं काय, असा प्रश्न पडला तेव्हा शेठनी तीन एअरगन आणल्या आणि त्या खाचरात फुग्यांचा फळा उभा केला. पण त्या सांभाळणार कोण? आमच्या स्वयंपाकीण जनाबाई म्हणाल्या, "आमच्या पाड्यावरचे लहानूबाबा हायत ना. जत्रेत फुगे फोडायची बंदूक घेऊन बसायचे ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सहा फुटाचा माणूस उभा. दाराच्या चौकटीत मावेना. मी विचारलं, "लहानूबाबा कधी येणार?" तर म्हणाले, "आला नं." जन्माला आले तेव्हा मुठीएवढे होते म्हणे. आई म्हणाली, हा काय जगत नाय, बारकंसंच नाव ठेवू. "मंग नाव राहलं तेवढंच, मीच वाढलो," असं ते सांगत आणि स्वतःच्या विनोदावर इतके हसत की समोरच्याला हसावंच लागे.

आम्ही त्या जागेला रेंज म्हणायचो. लहानूबाबा शेत म्हणायचे. छर्‍याला दाणा म्हणायचे. बंदूक भरली की "पेर," आणि संध्याकाळी आवरताना "चला, शेत उठलं." तिन्ही बंदुकांना त्यांनी नावं ठेवली होती: थोरली, मधली आणि भांडखोर. भांडखोर नेहमी डावीकडे मारायची. रोज सकाळी खुरसणीच्या तेलाचं बोट लावून ते त्यांना पुसत आणि पुसताना भांडखोरला सुनावत, "काल पुण्याच्या माणसापुढं माझी लाज घालवलीस." पाहुण्यांना ते फारसं काही शिकवत नसत. एकच वाक्य सांगत आणि ते प्रत्येकाला, अगदी लहान मुलीलासुद्धा, हात जोडून सांगत: "दाणा पेरला का परत वेचता येत नाय."

आता कुणाला वाटेल, हा माणूस माळकरी असणार. छे! बोहाड्याच्या उत्सवात लहानूबाबांना कुणी घरात शोधू नये. सोंगं निघाली, संबळ वाजला की हे घोटभर घेऊन नाचणाऱ्यांत पहिले. मोहाची कुठली आणि कधीची, हे ते वासावरून सांगत. पण घेतली की दुसरा आख्खा दिवस ते शेताच्या रेषेजवळ फिरकत नसत. बंदुकांच्या पेटीची किल्ली बायकोच्या गळ्यात घालत आणि स्वतः मोहाखालच्या बाकावर शेंगा खात बसत. मी एकदा म्हटलं, "बाबा, आता उतरली असेल की." तर म्हणाले, "बाय, आज मी गिऱ्हाईक." आणि रोज, कुणी पाहुणा उठायच्या आत, पहिला द्रोण त्यांचा स्वतःचा असे. बायको भरून द्यायची, हे बांधावरून चालायचे, ती पाणी बघायची, मग किल्ली त्यांच्या हातात द्यायची. हे कुणाला दाखवायला नव्हतं. मी पहाटे दूधवाल्याची वाट बघत असायची म्हणून मला दिसलं.

बायको म्हणजे सोनाआजी. लहानूबाबांच्या कोपराला लागेल एवढी. बोलणं असं की ओढ्याला पूर आलाय. तिचा डावा डोळा कायमचा मिटलेला होता. तरुणपणी लाकडं तोडताना काटा गेला, असं सगळा पाडा सांगे, तीही सांगे. ती रेषेच्या मागे, माचावरच्या पाण्याच्या पिंपाच्या सावलीत बसून फुगे फुगवी. मात्र ते फळ्यावर लावायला लहानूबाबा तिला कधी जाऊ देत नसत. बंदुका पेटीत असल्या तरी नाही. "तू अठंच बस," म्हणत आणि एवढा मोठा माणूस चार-चार फुगे दातात धरून फळ्याकडे जाई. आम्ही हसायचो. जनाबाई म्हणायच्या, म्हातारपणी बायकोचे लाड चाललेत.

सगळ्यात भारी नेम होता तिचा. पाहुणे आवळून आवळून डोळा मिटत, तोंड वाकडं करत, आणि फुगा हसत जागच्या जागी. मग आजी पदर खोचून उठे. "तुम्हाला एक डोळा मिटायला लागतो. माझा मिटलेलाच हाय. अर्धं काम आधीच झालंय," असं म्हणून फाडफाड पाच फुगे उडवी आणि परत फुगवायला बसे. भांडखोरसुद्धा तिच्या हातात सरळ मारायची. मला ती दोघं फार आवडायची. इतकी की सुट्टीला नाशिकला गेले तरी दोन दिवसांत मला त्यांच्याशिवाय कंटाळा येई.

तर अशा या शेतात शेठना बीअर आणायची होती.

गोव्याला कुठंसं त्यांनी तसं बघितलं होतं किंवा कुणी त्यांना सांगितलं होतं. उन्हाळा होता, धबधब्याची करंगळी झाली होती, सातातले पाच तंबू रिकामे. पावसाळ्यापर्यंत असंच चाललं तर स्वयंपाकघरातल्या चारपैकी दोन बायकांना घरी पाठवावं लागणार होतं आणि त्यातली एक जनाबाईंची सून होती. शेठ तसे वाईट नव्हते. त्यांचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नव्हतं. "मॅडम, लोक डिकीत आणतात, तंबूत पितात आणि मग बंदूक मागायला येतात. त्यापेक्षा आपण रीतसर परवाना काढून रेषेजवळच दिली तर कोण किती प्यायलाय हे निदान डोळ्यांसमोर राहील. आणि गिऱ्हाईक वाढेल ते वेगळंच." मला पटलं. अर्ज मीच टाईप केला. आमच्या भागात गावात दारू विकायची की नाही हे ग्रामसभेला विचारल्याशिवाय पुढं सरकत नाही, म्हणून अर्ज ग्रामसभेपुढं जायचा होता.

लहानूबाबांना सांगितलं तेव्हा ते भांडखोरला तेल लावत होते.

"शेठ, दारू चांगली, बंदूकबी चांगली," ते म्हणाले. "सासराबी चांगला, मेहुणाबी चांगला. म्हणून दोघांना एका खाटंवर निजवाल का?"

शेठ हसले, पण हटले नाहीत. "बाबा, तुमचा द्रोण आहे ना? मग भीती कसली? बीअर पिऊन ज्याचं पाणी सांडलं त्याला देऊ नका बंदूक. नाही सांडलं त्याला द्या. तुमचाच नियम."

लहानूबाबांनी तेलाचं बोट धोतराला पुसलं. स्वतःच्या नियमाला नाही कसं म्हणणार? "बरं," म्हणाले. "बघू."

शेठनी पुढच्याच रविवारी नाशिकहून चार मित्र आणले. विकायची नव्हती अजून, मित्रांसाठी मित्राची, म्हणून बर्फाच्या बादलीत बाटल्या आल्या. सकाळचे अकरा वाजले असतील. आमची सगळी मंडळी काम टाकून बांधाच्या कडेला उभी. मीसुद्धा. त्या दिवशी जेवण दीडला झालं आणि मला त्याचं काही वाटलं नाही, यावरून काय ते समजा.

पहिला मित्र दोन बाटल्यांनंतर निघाला. सातव्या पावलाला त्याचं पाणी मनगटावरून बगलेत गेलं आणि थंडगार लागल्याबरोबर तो नाचला. दुसरा हुशार. त्यानं आधी द्रोणातलं अर्धं पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाला, "आता कसं सांडेल?" लहानूबाबांनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि द्रोण परत भरला. तिसऱ्यानं डोळे द्रोणावर असे रोखले की बांध वळला आणि हा वळलाच नाही. स्वयंपाकघराच्या सांडपाण्यावर आम्ही अळू लावलं होतं, त्यात तो बसला. बसला तरी द्रोण धरलेला हात वरच! जनाबाई ओरडल्या, "माझा अळू! माझा अळू!" माझ्या पोटात हसून हसून कळा यायला लागल्या.

चौथे होते दातांचे डॉक्टर. सगळ्यांत जास्त तेच प्यायले होते. डोळे लालबुंद, आणि मघापासून मोहाच्या झाडाला "वहिनी" म्हणत होते. त्यांनी द्रोण घेतला आणि निघाले. एक पाऊल, दोन, दहा. हात कसा, तर दगडी. जन्मभर लोकांच्या तोंडात बारीक काम केलेला हात तो. वीस पावलं झाली. लहानूबाबांनी वाकून द्रोणात बघितलं, मग डॉक्टरांच्या डोळ्यांत बघितलं, मग परत द्रोणात. पाणी काठोकाठ.

"बघा!" शेठनी टाळ्या वाजवल्या.

लहानूबाबांचा हात पेटीच्या किल्लीवर बराच वेळ थांबला. पण नियम तो नियम. त्यांनी थोरली काढली, भरली, हात जोडून वाक्य सांगितलं आणि डॉक्टरांच्या हातात दिली. डॉक्टरांनी बंदूक खांद्याला लावली. उभं राहणं झकास, नेम झकास. मागून शेठ ओरडले, "शाबास, डॉक्टर!"

आणि डॉक्टर सभ्य माणूस. कुणी शाबासकी दिली तर वळून आभार मानायचे. ते बंदुकीसकट वळले, "थँक यू" म्हणाले, आणि म्हणता म्हणता बोट दाबलं गेलं.

छर्रा लागला पिंपाला. उन्हानं कडक झालेलं जुनं निळं पिंप ते, लाकडी माचावर ठेवलेलं. भोक पडलं आणि पाण्याची धार जी सुटली ती थेट शेठच्या अंगावर. शेठ भिजले, बर्फाची बादली लवंडली, डॉक्टर घाबरून मोहाच्या झाडाला म्हणाले, "वहिनी, माफ करा." आम्ही सगळे हसून लोळायच्या बेतात. शेठही हसत होते.

हसत नव्हते ते फक्त लहानूबाबा. त्यांनी डॉक्टरांच्या हातून बंदूक कधी काढून घेतली ते मला दिसलंही नाही. ते पिंपाच्या खाली बघत होते. पिंपाच्या सावलीत सोनाआजी बसली होती, मांडीवर फुगे घेऊन, भिजून चिंब, आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच हसत होती. भोक तिच्या डोक्याच्या हातभर वर होतं. माझं हसणं तिथंच थांबलं. लहानूबाबांनी बंदुका पेटीत टाकल्या, कुलूप लावलं आणि भर दुपारी बारा वाजता म्हणाले, "चला, शेत उठलं."

त्यानंतर चार दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. भांडखोरशीसुद्धा.

ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, शेठ आणि मी खुर्चीवर. शेठनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. पिंपाचंही सांगितलं. "पण पिंप सोडलं तर कुणाला काही झालं नाही," म्हणाले. हशा पिकला. जनाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "दारू मला आवडत नाय. पण माझे सुनेला काम होवा." त्यांचं खरं होतं. माना डोलल्या. मला वाटलं, ठराव होतोय.

तेवढ्यात लहानूबाबा उठले. पडवीचा वासा त्यांच्या डोक्याला लागत होता म्हणून मान वाकडी करून उभे राहिले.

"शेठ बोलतात ती युक्ती नवी नाय," ते म्हणाले. "ती माझी हाय."

कुणाला काही कळेना.

"मी जत्रंत फळा लावायचो. एक वर्साला समोरच दुसरा फुगेवाला येऊन बसला. माझा गिऱ्हाईक तुटला. मंग मी डोकं चालवलं. तीन फुगे फोडा, एक पेला घ्या. घरची, मोहाची. काय झुंबड उडाली सांगू! समोरचा उठून गेला." म्हातारे पुरुष हसले. एकदोघांना ते पेले आठवत असावेत. "ही सोनी फळ्याजवळ. फुगा फुटला का दुसरा लावायची. एक जण व्हता, पाच-सहा पेले झालेले. हात हालत नव्हता त्याचा. चांगला नेम. कुणीतरी मागून त्याला हाक मारली. तो वळला. परत फिरला तवा दाणा सुटला व्हता."

त्यांनी बायकांत बसलेल्या आजीकडे बोट केलं.

"हिच्या डोळ्यात काटा नाय गेला. दाणा गेला. काटा मी सांगितला. सगळ्यांना सांगितला, हिचे बापालाबी सांगितला. पेला मीच भरून दिला व्हता, तर कुठल्या तोंडानं सांगू? पाण्याचा द्रोण मी त्यावरनं काढला. मला वाटलं, आता काय होत नाय. आन् परवा समजलं. द्रोण हाताचं सांगतो, डोक्याचं सांगत नाय. म्हणून मी बोलतो, अठं नको. प्यायची त्यानं प्यावी. माझे शेतात नको."

आणि ते खाली बसले. गुडघ्यात मान घातली. मला माझ्या टाईप केलेल्या अर्जाची इतकी लाज वाटली की मी तो हातातल्या वहीखाली सरकवला. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं म्हाताऱ्याला हाक आली. "ओ डोकऱ्या!"

सोनाआजी उभी होती, दोन्ही हात कमरेवर.

"एवढी वर्सं मी काट्याचं बोलते. तुझ्यापायी बोलते. रडून रडून बोलते, लोकांना खरा वाटावा म्हणून. आन् तू आज चार माणसांत सांगून मोकळा? मला आधी सांगायचंस, चांगला लुगडा नेसून आले असते!"

पडवीत आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी सभाच.

"आन् हेबी सांग," आजी थांबेना, "गावाला पेले वाटलेस, त्यातला एकबी मला दिला नव्हतास!"

लहानूबाबांनी मान वर केली. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू. शेठ खुर्चीवरून उठले, माझ्या वहीखालचा अर्ज ओढून काढला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "माझं काही म्हणणं नाही," एवढंच म्हणाले. हात वर करायची वेळच आली नाही.

मग जनाबाईंच्या सुनेचं काय झालं? त्याचीही गंमतच झाली. त्या रविवारी आमच्या स्वयंपाकघरातल्या एका बाईनं अळवात बसलेल्या माणसाचा व्हिडिओ काढला होता. चेहरा दिसत नव्हता, फक्त अळवातून वर आलेला हात आणि त्यावर द्रोण. तो मोबाईलवरून कुठं कुठं फिरला देव जाणे. लोक विचारत यायला लागले, "ते पाणी घेऊन चालायचं इथंच का?" जव्हारजवळचा शिरपामाळ बघून जीप थेट आमच्याकडे वळायच्या. कित्येकांना बंदूक नकोच असे, बांधावरून चालून आले की खूष. मे महिन्यात सातही तंबू भरले. सून राहिली, शिवाय अळवाला कुंपण आलं.

पुढची दिवाळी झाली आणि एका सकाळी मला बांधावर लहानूबाबा थांबलेले दिसले. द्रोण हातावर होता, हात भिजला होता. त्यांना वाटलं, पान फाटकं असेल. आजीनं दुसरा द्रोण भरला. तोही सांडला. तिसराही. हात थरथरत होता. थोडासाच, पण पाण्याला तेवढंही पुरतं.

मी धावत गेले. "बाबा, तुम्ही प्यायलेले नाही. मला ठाऊक आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. वयाचं आहे हे."

"व्हय."

"मग? नियम दारूसाठी आहे ना?"

"बाय," ते म्हणाले, "पाण्याला काय ठाव, कशानं सांडलं ते?"

किल्ली त्यांच्या हातात आलीच नव्हती. ती आजीच्या गळ्यात होती आणि तिथंच राहिली. शेठनी नाशिकहून फोन केला, जव्हारच्या दवाखान्यातून बाबांना गोळ्या आणल्या, मी वाद घातला, जनाबाईंनी देवाला नारळ बोलला. उपयोग नाही. त्या दिवसापासून रेषेवर आजी उभी राहायची आणि पिंपाच्या सावलीत सहा फुटाचा माणूस मांडी घालून फुगे फुगवायचा. फुगवायचे मात्र वाईट, निम्मे तोंडातच फुटायचे. आजी सगळ्यांना तेच वाक्य सांगायची, पण हात जोडून नाही, बोट नाचवून. रोज सकाळी ते एकदा चालायचे. रोज ती पाणी बघायची आणि फुग्यांची पिशवी त्यांच्या पुढ्यात टाकायची.

मी नोकरी सोडली ती आईच्या आजारपणामुळं. निरोप आदल्या दिवशीच झाले होते. सकाळी जव्हारची जीप रस्त्यावर उभी राहिली तेव्हा मी बॅग घेऊन चढावावर होते. खाली खाचर दिसत होतं. लहानूबाबा बांधावरून चालत होते. आजी रेषेवर उभी होती. मी सहज बघितलं आणि माझे पाय थांबले, कारण हात हलत नव्हता. त्या सकाळी कसं कोण जाणे, हात अगदी पूर्वीसारखा होता. पंधरा पावलं झाली असतील. आजीनंही बघितलं असावं. तिनं गळ्यातली किल्ली काढून हातात धरली होती. मी मोजायला लागले. सतरा. अठरा.

जीपवाल्यानं हॉर्न दिला.

लहानूबाबांनी वर बघितलं. मी दिसले. आणि त्यांनी हात वर करून हलवला, जोरजोरात, लहान मूल हलवतं तसा. "बाय! नीट जा गं!" द्रोणातलं सगळं पाणी त्यांच्याच डोक्यावर आलं.

क्षणभर ते तसेच उभे राहिले, वर केलेल्या हाताकडे बघत. मग हसायला लागले. आजीनं कपाळावर हात मारला, किल्ली परत गळ्यात घातली आणि तीही हसायला लागली. मी जीपमध्ये बसले. वळणावर शेवटचं दिसलं ते एवढंच: ते ओल्या अंगानं पिंपाच्या सावलीत बसले होते आणि एक लाल फुगा तोंडाला लावत होते.